मापात शिवलेलं बंड

माझ्या धाकट्या भावाला आमच्या इमारतीत सगळे भोंगा म्हणतात. तान्हा असताना तो इतका रडायचा की खालचा राखणदार एकदा वैतागून म्हणाला, "कारखान्याचा भोंगा परवडला. तो निदान ठरल्या वेळी वाजतो." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे रडणं थांबलं, आवाज काही थांबला नाही.

हा आवाज कळायला लागल्यापासून एकच गोष्ट सांगत आला: आपण कुणाच्या बापाचं ऐकत नाही. स्वतःच्याही. शाळा सोडली, का तर हेडमास्तरांनी केस कापायला सांगितले. लेथच्या कारखान्यातली नोकरी सोडली, का तर मुकादमाने केस बांधायला सांगितले. आमच्या घरात त्या केसांइतके लाड कुणाचे झाले नाहीत. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, माझ्याबरोबर चल, हाताखाली काम शिकशील. तर साहेब म्हणाले, "दिवसभर वर-खाली, वर-खाली. एवढं करून तुम्ही कुठे पोचलात, बाबा?"

बाबांनी डबा उचलला आणि कामावर गेले. त्यांना कमी ऐकू येतं. निदान भोंगा बोलत असताना तरी नक्कीच कमी येतं.

आई मात्र म्हणायची, "स्वाभिमानी आहे गं तो." स्वाभिमानी! मी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसते. दिवसभर कॉलरी लावून मान अवघडून घरी यावं, तर हा स्वाभिमान खाटेवर लोळत असायचा आणि मला बघून म्हणायचा, "ताई, बरं झालं आलीस. चहा टाक."

बॉक्सिंगकडेसुद्धा हा आवडीने गेला नाही. आमच्या भागाला पाणी पुरवणाऱ्या टाकीमागे एक पंपघर आहे. तिथे पंप चालवणारे एक गृहस्थ शेजारच्या रिकाम्या शेडमध्ये मुलांना बॉक्सिंग शिकवतात. त्यांना सगळे सर म्हणतात. भोंगा एकदा मित्राबरोबर सहज तिथे गेला आणि दाराशी उभा राहून टिंगल करायला लागला. सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हे तुझं काम नाही. इथे सांगितलेलं ऐकावं लागतं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून हा तिथे.

सर म्हणजेही काही देवमाणूस नव्हेत. तरुणपणी ते एकदा कुठल्याशा मोठ्या खेळाडूकडून हरले होते, आणि त्या हरण्याची गोष्ट ते इतक्या ऐटीत सांगायचे की दुसऱ्या कुणी जिंकून एवढी मिजास केली नसेल. दरवेळी सांगताना त्या खेळाडूचा ठोसा आणखी जोरात बसायचा. शेवटी शेवटी तर सर दोरांवरून बाहेर उडून प्रेक्षकांत पडायला लागले होते. पण शिकवायचे मात्र नीट. पाय कसे ठेवायचे, हनुवटी कुठे लपवायची, डावा हात गालाशी का धरायचा, हे न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगायचे.

आणि भोंगा, हे सांगताना मला जड जातंय, चांगला निघाला. आळशी माणसाला एवढे चपळ पाय कुठून मिळाले देव जाणे.

त्याची पहिली लढत बघायला आईने मला ओढत नेलं. बाजाराच्या बंदिस्त हॉलमध्ये मधोमध रिंग बांधली होती. समोरचा मुलगा याच्याहून हातभर रुंद. पहिली फेरी सरांनी शिकवल्याप्रमाणे झाली. दुसऱ्या फेरीत सर कोपऱ्यातून ओरडले, "डावा हात वर घे!" भोंग्याने त्यांच्याकडे पाहिलं, हसला, आणि डावाच काय, दोन्ही हात खाली सोडले. एवढंच नाही, ते पाठीमागे बांधले! जणू बागेत फिरायला आलाय.

आईने माझ्या दंडात नखं रुतवली. त्या रुंद मुलाने सगळा जोर लावून उजवा ठोसा हाणला. भोंग्याची मान तेवढी मागे गेली. ग्लोव्ह त्याच्या नाकासमोरून वाऱ्यासारखा निघून गेला, इतका जवळून की केसांची बट हलली. तो मुलगा स्वतःच्याच जोराने पुढे झोकांडला, आणि त्याच क्षणी भोंग्याचा उजवा हात पाठीमागून निघाला आणि त्याच्या जबड्यावर बसला. कुणी खालून खुर्ची काढून घ्यावी तसा तो मुलगा मटकन बसला. पंच मोजायला लागला. हॉलमध्ये नुसता गदारोळ. मी बाकावर उभी होते. कधी चढले ते मला माहीत नाही.

सर हसले नाहीत. ग्लोव्ह्ज सोडता सोडता म्हणाले, "पुन्हा असं केलंस तर शेडमध्ये पाय ठेवू नकोस."

"जिंकलो ना पण?"

"नशीब म्हणतात त्याला."

"तुम्हाला जमलं नाही म्हणून नशीब," भोंगा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. सरांचा चेहरा पडला. आई म्हणाली, बघ कसा ताठ बोलतो. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्या दिवशी पहिल्या रांगेत एक गोरागोमटा, गुबगुबीत माणूस बसला होता. त्याची गाद्यांची दुकानं होती, आणि या सगळ्या लढती तो दुकानांच्या जाहिरातीसाठी भरवत असे. रिंगच्या चारही बाजूंना त्याचे फलक होते: 'पडायचं तर आमच्याच गादीवर!' माणसांनी एकमेकांची तोंडं फोडायची, आणि लोकांनी ते बघून गादी विकत घ्यायची, असा एकंदर मामला. लोक घेतही होते.

हा गादीवाला दुसऱ्याच आठवड्यात आमच्या घरी आला. खाटेवर बसला, आमची गादी दोन बोटांनी दाबून पाहिली आणि कुणीतरी वारल्यासारखा चेहरा केला. मग भोंग्याला म्हणाला, "मला तुझ्यासारखाच माणूस हवा होता. कुणाचं ऐकत नाही असा."

भोंगा फुलला.

"फक्त काय आहे," गादीवाला म्हणाला, "ते मी सांगतो त्या पद्धतीने न ऐकायचं."

मी फिस्सकन हसले. दुसरं कुणीच हसलं नाही. भोंगा तर मान डोलवत होता.

तिथून पुढे आमच्या बंडखोराला बंड कसं करायचं याच्या सूचना मिळायला लागल्या. लढतीला उशिरा यायचं, पण किती उशिरा ते गादीवाला ठरवणार, कारण तेवढ्या वेळात जाहिराती वाजवायच्या असत. प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायचा नाही. पंचाकडे पाठ करायची. केस तांबडे रंगवायचे. पत्रकारांसमोर स्वतःचंच पोस्टर फाडायचं. ते पोस्टर नीट फाटावं म्हणून त्याला मागून आधीच ब्लेडने चिरा दिलेल्या असत, आणि भोंगा ते फाडण्याचा घरी आरशासमोर सराव करायचा. केस बांध म्हटल्यावर ज्याने नोकरी सोडली, तो केसांना रंग लावून घ्यायला निमूट डोकं खाली घालून बसत होता.

सरांना त्याने सोडलं, तेही सांगितल्याप्रमाणेच. पत्रकारांनी विचारलं, गुरू कोण? हा म्हणाला, "मला कुणी शिकवलं नाही. मी उपजतच असा." पंपघरात रेडिओ चालू असतो. सरांनी ते ऐकलं असणारच. पुढे त्याला शिकवायला गादीवाल्याने आपल्या गोदामाचा व्यवस्थापक दिला. त्या माणसाला बॉक्सिंगमधलं काही कळत नव्हतं, पण त्याच्याकडे शिट्टी होती.

एके दिवशी भोंगा तांबड्या सॅटिनचा तागा घेऊन माझ्यासमोर उभा.

"ताई, रिंगमध्ये येताना घालायला झगा शिवून दे. पण फाटका."

"फाटका कसा शिवतात?"

"आधी शिवायचा, मग फाडायचा. पण व्यवस्थित फाडायचा हं. एक खांद्यावर, एक पाठीवर. कडा दुमडून शिव, नाहीतर धुताना सुटतील."

मी शिवला. कात्रीने वेडीवाकडी फाट काढली आणि त्या फाटीच्या कडेला बारीक हातशिलाई घातली. इतकं खोटं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतकं सफाईदारही नाही. गादीवाला माप बघायला स्वतः आला. म्हणाला, "खांद्याची फाट दोन बोटं खाली घ्या, दुकानाचं नाव कापलं जातंय." भोंगा हात पसरून उभा होता. मी टाचण्या लावत होते आणि तो हूं की चूं करत नव्हता. शाळेचा गणवेश चढवताना आई आणि मी मिळून त्याला धरायचो, तरी लाथा झाडायचा. इथे गुबगुबीत बोटाने खूण केली की हा वळत होता.

"छान दिसतोय ना, ताई?"

"बंडखोर दिसतोयस," मी म्हणाले. त्याला ते खरंच कौतुक वाटलं.

काही लढती त्याने जिंकल्या. समोर कोण आणायचं हे गादीवालाच ठरवत होता, त्यामुळे जिंकण्यात फारसं काही नव्हतं. एक जण तर मला वाटतं नुकताच तापातून उठला होता. पण गल्लीतल्या पोरांनी केस तांबडे केले, आई त्याचे फोटो कापून कपाटाच्या दाराला चिकटवायला लागली, आणि भोंगा जिन्यावरून असा उतरायचा की वाटावं, जिन्यानेच बाजूला व्हावं.

मग गादीवाल्याने पाववाला शोधून काढला. हा बेकरीत कामाला होता. पहाटेपासून पीठ मळायचं, भट्टीपुढे उभं राहायचं, आणि उरलेल्या वेळात बॉक्सिंग. दंडापेक्षा त्याचं मनगट जाड होतं आणि चेहऱ्यावर कायम झोप. गादीवाला त्या झोपेवरच खूश झाला. गाद्यांच्या जाहिरातीला याहून चांगलं काय मिळणार? पोस्टरवर छापलं: 'बंडखोर विरुद्ध झोपाळू'.

पत्रकारांसमोर भोंग्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "याला मी असा झोपवीन की उठायचाच नाही."

पाववाला जांभई दाबत म्हणाला, "झोपवलंस तर उपकार होतील. मला पहाटे उठावं लागतं."

सगळे हसले. भोंग्याला पुढचं वाक्य दिलेलं नव्हतं.

लढत त्याच हॉलमध्ये, चार फेऱ्यांची. या वेळी बाबाही आले. कामावरून तसेच, ग्रीसने माखलेल्या कपड्यांत, आणि आईशेजारी बसले. भोंगा ठरल्याप्रमाणे उशिरा आला, फाटका झगा मिरवत. पाववाल्याने हात पुढे केला, भोंग्याने पाठ फिरवली. पाववाल्याने तोच हात डोक्यावरून फिरवला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

पहिली फेरी भोंग्याच्या गमजांची. हात खाली, मान इकडून तिकडे, पाववाल्याचे ठोसे हवेत. लोक खूश. पण पाववाला त्याच्या केसांकडे बघतच नव्हता. नजर छातीखाली.

दुसऱ्या फेरीत तो दोन पावलं पुढे आला आणि बरगड्यांवर मारायला लागला. डोकं हलवून चुकवता येतं, बरगड्या कुठे नेणार? डावा, उजवा, पुन्हा डावा. घाई नाही, राग नाही, पीठ मळावं तसं काम चालू. प्रत्येक ठोशाला एक बसका आवाज यायचा आणि भोंग्याच्या तोंडून हवा निघायची. आता त्याचे हात खाली होते ते ऐटीने नव्हे, वर उचलत नव्हते म्हणून. तो दोरांशी गेला, तिथून निसटू पाहिला, आणि पाववाल्याचा उजवा हात कानामागे बसला. भोंग्याचे गुडघे दोन दिशांना गेले. तोंडघशी पडला.

आईने पदर तोंडात कोंबला. पंच आकडे मोजत होता आणि भोंगा जमिनीवरून हाताने चाचपडत काहीतरी शोधत होता. काय शोधत होता हे त्यालाही ठाऊक नाही. आठ म्हणताना तो उभा राहिला. फेरीचं उरलेलं मिनिटभर त्याने दोरांना लटकून काढलं, आणि घंटा झाली.

मी उठून त्याच्या कोपऱ्यापाशी धावले. म्हटलं, आता तरी कुणी धड सांगेल. तो शिट्टीवाला त्याला पाणी देत म्हणत होता, "केस मागे घे जरा. फोटोत चेहरा येत नाहीये."

भोंग्याने मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिलं, पुढची सूचना मिळेल म्हणून. गादीवाल्याची पाठ होती. तो पाववाल्याच्या कोपऱ्याशी वाकून हसत होता आणि फोटोवाल्याला सांगत होता, याचे घे आता, याचे. भोंगा बघत राहिला. त्याचा डावा डोळा सुजून बंद व्हायला आला होता, पण उरलेल्या डोळ्याने त्याला जे दिसायचं ते दिसलं.

घंटा झाली. तो उठला, मधोमध गेला, आणि हात पुन्हा खालीच.

"हात वर कर, गाढवा!" मी किंचाळले. घशातून एवढा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. "डावा! गालाशी धर!"

माझं ऐकून की आपल्या मनाने, कोण जाणे. हात वर गेले. डावा गालाशी, हनुवटी खांद्यामागे. सरांच्या शेडमधल्यासारखा तो उभा राहिला, आणि तिथून पुढे खरी लढत सुरू झाली.

पाववाला पुढे आला की हा डाव्या हाताने टोचायचा आणि बाजूला व्हायचा. पुन्हा टोचायचा, पुन्हा बाजूला. पाववाल्याच्या नाकातून रक्त आलं. त्याने चिडून भोंग्याला कोपऱ्यात कोंडलं आणि मोठा उजवा फेकला. भोंगा त्याखालून वाकून निसटला आणि जाता जाता पोटात असा एक दिला की पाववाल्याच्या चेहऱ्यावरची झोप पहिल्यांदाच उडाली. गुडघा वाकला. हॉल उभा राहिला. पण पाववाला पडला नाही. श्वास घेतला, मान झटकली आणि पुन्हा पुढे आला.

चौथ्या फेरीत दोघांच्याही अंगात काही उरलं नव्हतं. एकमेकांवर रेलायचे, पंच सोडवायचा, की पुन्हा भिडायचे. शेवटी शेवटी भोंग्याने त्याला दोरांवर धरलं आणि एकामागून एक ठोसे चालवले. डावा, डावा, उजवा. पाववाल्याचे हात खाली आले, चेहरा उघडा पडला, भोंग्याचा उजवा हात सुटला, आणि घंटा वाजली. तो हात पाववाल्याच्या नाकासमोर थांबला. अर्ध्या हॉलने शिव्या घातल्या, मार की म्हणून. भोंग्याने हात खाली घेतला आणि मग तोच हात मिळवायला पाववाल्यापुढे केला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गुणांवर पाववाला जिंकला. दुसऱ्या फेरीत जे गेलं ते भरून आलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत बाबा त्याच्या डोळ्यावर बर्फ धरून बसले होते. गादीवाला आत आला तो हात चोळत. "हरलास ते उत्तम झालं! आता आपण बंडखोर सुधारलेला दाखवू. रिंगमध्ये न्हावी बोलवायचा, सगळ्यांदेखत केस कापायचे. तो तुझा पंपवाला म्हातारा आणू, त्याची माफी मागायची, रडायचं. बायका तर ढसाढसा रडतील. मऊ गाद्यांचा नवा माल त्याच वेळी बाजारात आणू."

"नाही," भोंगा म्हणाला.

"हां, सुरुवातीला नाहीच म्हण. पण नजर जरा खाली."

"नाही म्हणतोय मी."

"वा! आवाज असाच ठेव हं, बसलेला."

हा नकार खरा आहे हे कळायला त्या माणसाला बराच वेळ लागला. बिचाऱ्याला सवय नव्हती. कळल्यावर चेहऱ्यावरचं लोणी गोठलं. म्हणाला, "तुझ्यासारखे पन्नास मिळतील." बाबांनी बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "मग लवकर शोधायला लागा." बाबांना सगळं ऐकू आलं होतं.

पन्नास लागले नाहीत, एकच पुरला. महिन्याभरात चौकात नव्या बंडखोराचं पोस्टर लागलं. केस या वेळी पिवळे, पण झगा तोच.

भोंगा बाबांबरोबर कामाला जायला लागला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारांना ग्रीस लावतो, आणि घरी येऊन कुरकुर करतो. डोळ्याची सूज उतरल्यावर तो पंपघरातही गेला. मीच त्याच्यासोबत गेले, कारण एकट्याने जायची त्याची छाती होईना. सरांनी त्याला दाराशी उभं ठेवलं आणि नव्या मुलांना आपल्या हरण्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मग जणू आत्ताच पाहिलं अशा थाटात म्हणाले, "उपजत लोकांचं इथे काय काम?"

"चुकलं माझं, सर."

"काय म्हणालास? पंपाचा आवाज आहे."

पंप बंद होता. भोंग्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. सरांनी तिसऱ्यांदाही वदवून घेतलं. एवढी वर्षं माणसं घडवणाऱ्याने इतकं हलकं व्हावं, याची मला शिसारी आली. पण मग त्यांनी खुंटीवरून ग्लोव्ह्ज काढून त्याच्या अंगावर फेकले आणि म्हणाले, "दोरीच्या उड्या मार आधी. पोट सुटलंय."

आता बेकरीला सुट्टी असेल त्या दिवशी पाववालाही तिथे येतो. दोघं सरावाला भिडतात. भोंगा अधूनमधून जिल्हा पातळीच्या लढती खेळतो. काही जिंकतो, काही हरतो. कपाटावरचे फोटो आईने अजून काढलेले नाहीत. वाकून नमस्कार करणार नाही असा त्याचा स्वभाव काही बदललेला नाही, पण सकाळी उठतो.

परवा मी त्याचा विसरलेला डबा द्यायला शेडमध्ये गेले होते. रिंगमध्ये भोंगा पाववाल्याला सांगत होता, तू किती मंद आहेस, तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं. तोंडात दातांचं रबर असतानाही बोलत होता. पाववाल्याने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डाव्या हाताने त्याच्या कपाळावर एक टप्पल ठेवून दिली. भोंगा फतकल मारून बसला. मी हसले. माझ्याकडे वळून तो तावातावाने काहीतरी म्हणाला, पण त्या रबरामुळे एक अक्षर कळलं नाही. मी डबा बाकावर ठेवला आणि कामावर गेले.